आंदीचं नाव

यंदा दिंडोरीहून पेटी आली नाही.

तसा नाशकात द्राक्षांना काय तोटा! गंगापूर रोडला हातगाड्या लागल्या आहेत, प्रत्येक गाडीवाला एक मणी तोडून हातावर ठेवतो आणि 'साखर आहे ताई, साखर' म्हणतो. संध्याकाळचा वारा दिंडोरीकडून आला, तर बागांवर मारलेल्या गंधकाचा वास त्यात अजून असतो. हा वास आला की माझे कान गेटकडे लागतात. गेली काही वर्षं या दिवसांत वॉचमन हाक मारतो, 'मॅडम, तुमची पेटी,' आणि मी चप्पल न घालताच खाली पळते. पुठ्ठ्याची पेटी, वर कुठल्याशा परदेशी भाषेत काहीतरी छापलेलं, आत कागदात निजवलेले घड आणि त्यांच्यावर खुरासणीच्या चटणीची पुडी. द्राक्षांबरोबर चटणी पाठवणारी बाई मी जगात एकच पाहिली. ती म्हणजे शकूकाकू. यंदा त्यांनी पेटी पाठवली नाही, आणि का पाठवली नाही ते मला ठाऊक आहे. तरीही द्राक्षं संपत येईपर्यंत मी वाट बघते आहे. माणसाचा मूर्खपणा, दुसरं काय.

शकूकाकू माझ्या कोणी लागत नाहीत. मी जिच्यावर पुस्तक लिहिते आहे, त्या मैनाबाईच्या त्या नातसून.

मैनाबाई शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची नटी. नुसत्या बायकांच्या नाटक मंडळीत ती राजा व्हायची. मिशी लावून, कमरेला लाकडी तलवार लटकवून ती रंगमंचावर आली, की राणीला कोणी विचारत नसे म्हणतात. दिंडोरीकडच्या एका जमीनदारानं तिला पाहिलं आणि चक्क लग्न केलं. नटीला ठेवतात, लग्न कोण करतं, म्हणून गावानं बोंब मारली ती वेगळी. नाटक सुटलं, मिशी सुटली. नवऱ्याच्या जमिनी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात होत्या. मैनाबाई एकदा हौसेनं तिकडे गेली आणि तिनं वेठ पाहिली. आधी मालकाचं शेत, तेही फुकट. मग वेळ आणि बळ उरलं तर आपलं. बाप राबला म्हणून लेकानं राबायचं, लेक आजारी पडला तर त्याच्या बायकोनं. घरी परत येऊन मैनाबाईनं लिहायला घेतलं, नवऱ्याच्या घरात बसून, नवऱ्याच्याच जमिनींबद्दल, आणि 'ही गुलामगिरी आहे' हे तिनं आडपडदा न ठेवता लिहिलं.

मला ती सापडली गावातल्या जुन्या वाचनालयात, कधीच बंद पडलेल्या एका मासिकाच्या बांधीव अंकांत. शोधत होते दुसरंच काही, धुळीनं शिंकत होते. तिच्या लेखांना एक खोड होती. डोंगरात मालक लोक सगळ्यांना 'ए गड्या', 'ए पोरी' म्हणूनच हाकारतात, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून ती भेटलेल्या प्रत्येकाचं नाव विचारायची आणि लेखात छापायची. एक बाई काही केल्या नाव सांगेना, कारण तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. मैनाबाई तिच्या शेजारी बांधावर बसून राहिली, बाईनं नाव सांगेपर्यंत. नवरा उन्हात घोडा धरून उभा! हे वाचलं त्या दुपारी मी वाचनालयात रडले. समोर पेपर वाचत बसलेल्या आजोबांनी मला पाणी आणून दिलं.

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. मैनाबाईच्या फोटोची झेरॉक्स करून मी स्टाफरूममधल्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. कोणी आवाज चढवला, कोणी नको त्या कागदावर सही मागितली, की मी काचेकडे बघायची आणि मग तोंड उघडायची. घरीही एक झेरॉक्स फ्रिजवर होती. माझ्या नणंदेनं एकदा विचारलं, "वहिनी, या तुमच्या माहेरच्या का?" मी हो म्हणून टाकलं. मला तेव्हा ते खोटं वाटलं नव्हतं.

मग तो द्राक्षांचा हंगाम आला, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. मैनाबाईच्या घरचं कोणीतरी दिंडोरीहून वणीला जाणाऱ्या रस्त्यावर राहतं, एवढ्या पत्त्यावर मी एका शनिवारी एसटीनं गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा, सप्तशृंगीचे डोंगर उन्हात फिके पडलेले. बागेच्या मधोमध नवा बंगला होता. ओट्यावर एक ठेंगणी बाई मनुकांसाठी गळलेले मणी निवडत बसली होती. मी कोण, कशासाठी आले, हे सांगायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं.

"ते मागून सांगा. उन्हाचं आलात, आधी पाणी घ्या. मग जेवा. शेंगोळे केलेत, चालतात ना?"

तेव्हापासून मी दर शनिवारी जाऊ लागले. शेंगोळे, पिठलं, ठेचा, आणि प्रत्येक जेवणात ती खुरासणीची चटणी. हॉलमध्ये मैनाबाईचा मोठा फोटो होता, माझी झेरॉक्स ज्याची सातवी-आठवी प्रत असेल तो मूळ फोटो. नऊवारी, ताठ मान, एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला. मी नेमकी त्याच्याखाली बसायची. काकू सांगत जायच्या, मी रेकॉर्डर लावून ऐकत जायची. बाहेर बागेत खुडा चाललेला असायचा, कात्र्यांचा कटकट आवाज, ट्रॅक्टर. सुरगाण्याकडून आलेल्या बायका घड क्रेटमध्ये ठेवत असायच्या. काकू ओट्यावरून ओरडायच्या, "ए सुरगाणा, तिकडच्या ओळीत आधी जावा!" आणि मग मला म्हणायच्या, "हां, कुठं होतो आपण?"

माझी आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कोणी असं पुढ्यात बसून 'अजून घ्या, लाजता काय' म्हणणारं उरलं नव्हतं. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचा माझा राग कोणाला कळायचा नाही.

एका शनिवारी काकू बोलता बोलता म्हणाल्या, "आजेसासूबाईंसंगं आंदी असायची ना कायम. मी लग्न होऊन आले तव्हा त्या नव्हत्या, पण आंदी होती. म्हातारी झाली होती. पडवीच्या टोकाला बसायची."

"आंदी कोण?"

"त्यांच्यासंगं आली होती, नाटकातनं. लय जीव होता तिचा त्यांच्यावर. हातावर इथं 'मैना' गोंदलं होतं बघा," काकूंनी आपल्या मनगटाच्या वर बोट ठेवून दाखवलं.

पूर्वी आपल्याकडे मैत्रिणी जत्रेत गोंदवून घ्यायला बसल्या की एकमेकींची नावं गोंदवून घेत, हे मी आजीकडून ऐकलेलं. म्हणजे मंडळीतली मैत्रीण होती! नाटक सुटलं तरी जी सुटली नाही अशी! "आंदी म्हणजे आनंदी ना, काकू? आनंदीचं आंदी?" मी विचारलं. आमच्या वाड्यात आनंदीबाई होत्या, त्यांना सगळे आंदीमावशीच म्हणायचे.

काकूंचा हात मण्यांवरून क्षणभर थांबला. "असंल," त्या म्हणाल्या. "आनंदीच असंल."

त्या एका 'असंल'वर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. मैना आणि आनंदी. एक राजा व्हायची, एक तिचे केस बांधायची. एक डोंगरातून सुजलेल्या पायांनी यायची, एक गरम पाणी घेऊन दारात उभी असायची. वणीच्या जत्रेत दोघी शेजारी शेजारी बसून एकमेकींची नावं गोंदवून घेतात, असाही एक परिच्छेद मी लिहिला आणि लिहिताना मला स्वतःलाच गहिवरून आलं. त्यातला भाग एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत छापून आला. उन्हानं घड करपू नयेत म्हणून त्यांना कागद गुंडाळतात. पुढच्या शनिवारी गेले तर काकूंनी मला हात धरून बागेत नेलं. एका घडाभोवती माझाच लेख होता. "बघा, तुमच्या आनंदीनं आमची द्राक्षं झाकली," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्याच आठवड्यात मी पुस्तकाची अर्पणपत्रिका ठरवली. मधोमध एकच शब्द. आनंदीस.

हंगाम उतरणीला लागला आणि काकूंच्या नातीचं, पल्लवीचं लग्न निघालं. मला घरच्यासारखं बोलावणं होतं. मंडपाच्या एका बाजूला रुखवत मांडलं होतं. साखरेची तुळस, काड्यापेटीची बैलगाडी, आणि पलीकडे खरा संसार: फ्रिज, कपाट, वॉशिंग मशीन, सगळ्याला लाल रिबन. फ्रिजशेजारच्या खुर्चीत काकूंच्या नणंद, जिजीआत्या, बसवल्या होत्या. त्या मैनाबाईच्या सख्ख्या नात, नव्वदीच्या घरातल्या. मुंबईला लेकाकडे असत, म्हणून मला कधी भेटल्या नव्हत्या. पोरी त्यांना चिडवत होत्या, "आत्याआजी, तुमच्या वेळी होतं का असलं आंदण?"

"आमच्या वेळी?" आत्या बोळक्या तोंडानं हसल्या. "आमच्या आजीला काय दिलं व्हतं तिच्या नाटक कंपनीच्या मालकीणबाईनं, इचारा. पाच भांडी, एक गाय अन् आंदी."

पोरी हसल्या. मीही हसले. मग माझं हसू अर्ध्यात राहिलं. "आंदी... म्हणजे?"

"आंदणात आली ती आंदी. पोर व्हती, आठ-दहा वर्साची, कंपनीतच वाढलेली. लगीन लावून देताना मालकीणबाईनं भांड्यासंगं धाडली," आत्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसून पुढं बोलल्या, "गाय दोन सालात मेली. आंदी मात्र लय पुरली."

कोणीतरी फोटोसाठी हाक मारली, पोरी पळाल्या. मी त्या पांढऱ्याशुभ्र फ्रिजजवळ उभी होते. त्याच्या दारावर 'वधूकडून सप्रेम' असा कागद चिकटवलेला होता. पुरली. तेल पुरतं, साबण पुरतो. मी मराठीची बाई, पोरांना शब्दांची व्युत्पत्ती शिकवणारी. आंदण आणि आंदी यांच्यातला तो एवढासा ण मला दिसला नव्हता. दिसायला नकोच होता बहुधा.

काकू कोठीच्या खोलीत लाडवांची ताटं लावत होत्या. मी दार लोटून घेतलं.

"काकू, आंदी आनंदी नव्हती. तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "घरात कोणाला माहीत नाय?"

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"मी कुठं सांगितलं? मी आंदी म्हणले. आनंदी तुम्ही म्हणालात. मी म्हणले, असंल." हातातला लाडू त्यांनी ताटात नीट बसवला. "तुम्ही किती आनंदानं लिहून घेत होता. कशाला मोडता घालायचा? अन् खरं सांगू का बाई, ऐकायला बरं वाटायचं. आपल्या घरात असं काही होतं, दोघी मैत्रिणी होत्या, असं मलाबी वाटायला लागलं होतं."

मी जेवण न करता निघाले. लग्नघरातून उपाशी जाणं म्हणजे अपमान, हे कळून सवरून निघाले. एसटीच्या खिडकीतून रिकाम्या बागा दिसत होत्या, घड उतरवलेले, कागदाचे कपटे तारांना लटकलेले. माझ्या मनात एकच शब्द होता, विश्वासघात, आणि तो मी काकूंना लावत होते. त्यांनी मला जेवू घातलं आणि फसवलं. दर शनिवारी पानात वाढलं आणि सांगण्यासारखं होतं ते मागे ठेवलं. दिंडोरी गेली की काय, नाशिक आलं की काय, मला पत्ता नव्हता. कंडक्टरनं उठवलं तेव्हा उतरले.

खरा राग नंतर आला, मैनाबाईचा. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणतात ते खोटं आहे, मी कित्येक महिने भांडले. तिचे सगळे लेख पुन्हा काढून बसले. ज्या लेखात ती बाई नाव सांगेपर्यंत बांधावर बसून राहिली होती, त्याच लेखाच्या शेवटी ती घरी येते, पाय सुजलेले असतात, 'घरची मुलगी' ऊन पाणी आणून पाय चोळते आणि मग हलक्या पायांनी ती लिहायला बसते. 'घरची मुलगी' वाचून मी पूर्वी हळवी झाले होते. किती मायेचा शब्द, असं समासात लिहूनही ठेवलं होतं. आता त्या दोन शब्दांकडे बघवेना. डोंगरातल्या परक्या बाईचं नाव कळावं म्हणून नवऱ्याला उन्हात उभं करणाऱ्या तुला, पाय चोळणारीचं नाव लिहावंसं वाटलं नाही? तुझ्याचबरोबर, तुझ्या भांड्यांबरोबर आलेली ती?

लोकांनी समजूत घातली. दिव्याखाली अंधार असायचाच, म्हणाले. किती सोयीची म्हण आहे, दिव्याला काही बोलावं लागत नाही. कोणी म्हणालं, काळच तसा होता. पण 'काळच तसा आहे' हे वाक्य मैनाबाईनं आपल्या लेखात नवऱ्याच्या तोंडी घातलं आहे आणि राजाच्या थाटात त्याची अशी टर उडवली आहे, की ते तिच्या बचावाला वापरायची सोय तिनंच ठेवलेली नाही. मी टेबलाच्या काचेखालची झेरॉक्स काढून टाकली. फ्रिजवरचीही. नणंद म्हणाली, "माहेरचं भांडण झालं वाटतं." मी म्हटलं, "हो, मिटणारं नाही."

पुस्तक पडून राहिलं. दिंडोरीला मी गेले नाही. पण पुढच्या फेब्रुवारीत वॉचमननं हाक मारली आणि पेटी आली, चटणीच्या पुडीसकट. निरोप नाही, फोन नाही. मी ती परत पाठवणार होते. मग एक मणी तोंडात टाकला आणि उभ्या उभ्या अर्धा घड संपवला. अशी दर साली पेटी येत राहिली. राग आणि द्राक्षं, दोन्ही वर्षाच्या वर्षाला ताजं होत राहिलं.

शेवटी या हिवाळ्यात मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. जत्रेतला परिच्छेद काढला. आंदी म्हणजे आंदणातली, हे लिहिलं. भांडी, गाय, सगळं. मैनाबाईचे लेख खरे आहेत आणि पाय चोळणंही खरं आहे, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं. प्रकाशकाकडून प्रूफं आली तेव्हा त्या पानांची एक प्रत काकूंना पाठवली. न सांगता छापलं असतं तर मीही त्यांच्यासारखीच 'असंल' म्हणून गप्प बसल्यासारखं झालं असतं. त्यानंतर पेटी आली नाही.

परवा दुपारी मात्र फोन आला.

"बाई, वाचलं," काकू म्हणाल्या. मागे फवारणीचं यंत्र चालू होतं.

"राग आला ना?"

"येणारच की. आमच्यात जेवून आमच्याच आजेसासूबाईंना चव्हाट्यावर आणलं."

"मला खोटं लिहिता येत नाही, काकू."

"मग आधी कसं लिहिलं होतं?"

यंत्र बंद झालं, तेव्हा माझ्या मनात कधीपासून अडकलेलं मी विचारलं. "काकू, आंदीच्या हातावर 'मैना' होतं. मैनाबाईंच्या हातावर काय गोंदलेलं होतं?"

"फोटो नाय का बघितला? इतक्यांदा खाली बसलात त्याच्या. तुळस हाय."

मी डोळे मिटले. खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला तो हात. मुखपृष्ठासाठी तोच फोटो मी दिला होता. हातावर तुळस होती, स्वच्छ दिसत होती, आणि नाव कोणाचंही नव्हतं.

"आणि आंदीचं खरं नाव? आत्यांना विचाराल का? कोणाला तरी आठवत असेल."

"विचारलं मी, तुमचं वाचल्यावर. आत्यांना नाय माहीत, कोणालाच नाय. तिला सगळे आंदीच म्हणायचे," काकू म्हणाल्या. "एक नाव तेवढं तुम्ही ठेवलं होतं तिला. आनंदी. गेल्यावर का होईना, मिळालं होतं बिचारीला. तेबी तुम्ही काढून घेतलं."

त्यांनी फोन ठेवला.

प्रूफं उद्या परत द्यायची आहेत. आतल्या प्रकरणात आंदी आहे, आंदणातली, आणि ते मी आता बदलणार नाही. अर्पणपत्रिकेचं पान खोडायला घेतलं होतं, ते मात्र तसंच ठेवलं. 'आनंदीस'. अख्ख्या पुस्तकात मैनाबाईचं नाव नसलेलं ते एकच पान आहे.